चरबी काढली काय?

"पोट उघडतायच न्हवं, मग तेवढी चरबीबी काढून टाका की सिस्टर," थिएटरच्या दारात पेशंटची बायको म्हणाली. खानापूरकडचं शेतकरी जोडपं. काका पन्नाशीचे, ढेरी सुटलेली. तीन दिवस पोट दुखत होतं आणि गावातला एक 'डॉक्टर' गॅसच्या सुया टोचत बसला होता. संमतीपत्र कानडीत, ते नेहमीसारखं मीच मराठीत वाचून दाखवलं. हे काम माझं नाही, पण करणार कोण?

अपेंडिक्स फुटलंय हे सोनोग्राफीत कळलं होतं, म्हणून मी पू ओढून घ्यायची सक्शनची नळी धरूनच उभी. पण पू नाहीच! समोर नुसती पिवळी चरबी. आतड्यांपुढं पदरासारखं लोंबतं ते ओमेंटम. बोकड सोलताना पोटात जाळी दिसते ना, तीच. तिनं फुटलेलं अपेंडिक्स चहूबाजूंनी गुंडाळून घेतलं होतं. सरांनी अवजार न लावता बोटानं हळूहळू सोडवलं, तेव्हा कुठं दोन चमचे पू आला. जाळीचा काळा पडलेला तुकडा बांधून कापला. म्हणजे काकूंचं म्हणणं थोडं का होईना, ऐकलं गेलं.

सर म्हणाले, रदरफर्ड मॉरिसन नावाच्या इंग्रज सर्जननं हिला पोटातला पोलीस म्हटलंय. या चरबीत बारीक पांढरे ठिपके असतात, रोगाशी लढणाऱ्या पेशींचे पुंजके. कातडीखालच्या चरबीपेशी तर जंतू मारणारं कॅथेलिसिडिन स्वतःच बनवतात. २०१५ साली ते उंदरांत दिसलं. पंधरा वर्षं मी ऑपरेशनमधले मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कपडे, मोजतेय, आम्हाला शिकवलेलं एवढंच, की चरबी म्हणजे ऊब आणि साठा. ढेरीवाल्यांचे टाके जास्त पिकतात, तेही मी रोज बघते.

दुपारी सात वर्षांचा मुलगा आला. दुखणं कालचंच. पोट उघडलं तर पू सगळीकडं पसरलेला. सलाईननं धूत राहिलो, सक्शनच्या बाटलीत गढूळच येत होतं. लहान मुलांत ही जाळी तोकडी असते, अपेंडिक्सपर्यंत नीट पोचत नाही, सर म्हणाले. आईनं तर एक रात्रही वाया घालवली नव्हती. तिला हे कसं सांगायचं?

चौथ्या दिवशी काका पेज प्यायला लागले. काकूंनी मला गाठलंच, "काढली काय चरबी?"

"काढली थोडी," म्हटलं.

पलीकडच्या खाटेवर मुलाच्या ड्रेनची, पोटातला पू बाहेर काढणाऱ्या नळीची, पिशवी मी सकाळीच बदलली होती. परत भरत आली होती.