लॉगमध्ये माउंट, फोल्डर रिकामा

पेनड्राइव्ह लावला, त्यावरचा दिवा लुकलुकला, लॉगमध्ये माउंट झाल्याची, म्हणजे तो एका फोल्डरला जोडला गेल्याची, नोंदही पडली. फोल्डर मात्र रिकामा.

मशीनला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. दिवसभर मोजमापं नोंदवायची आणि पेनड्राइव्ह लावला की फाइली त्यावर उतरवायच्या, एवढंच त्याचं काम. लिनक्सची नवी आवृत्ती टाकल्यापासून फाइली उतरणं बंद झालं, म्हणून ते माझ्याकडे आलं.

डेस्कटॉप असता तर यूडिस्क्स ही डिस्क सांभाळणारी सेवा आणि फाइल मॅनेजर यांनी हे परस्पर उरकलं असतं. इथे होता फक्त युडेव्हचा, म्हणजे नवं उपकरण लागलं की त्याची दखल घेणाऱ्या सेवेचा, एक जुना नियम: यूएसबीवर नवं पार्टिशन दिसलं की माउंट कमांड चालव.

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पेनड्राइव्ह दिसत होता. हाताने माउंट केलं की फाइली दिसत. नियम चालत होता, कमांड शून्य परत करत होती, म्हणजे तिच्या मते काम फत्ते. माउंटची यादी काढली तर तिच्यात पेनड्राइव्हचा पत्ता नाही. कमांड खोटं बोलत नाही आणि यादीही नाही, मग दोघी वेगवेगळ्या ठिकाणांबद्दल बोलत असणार, असं मनात आलं. युडेव्हच्या प्रोसेसचा क्रमांक शोधला आणि 'प्रॉक'मध्ये, म्हणजे चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये, त्या प्रोसेसची स्वतःची माउंट यादी उघडली. पेनड्राइव्ह तिथे होता! फाइल सिस्टीम, फोल्डर, सगळं बरोबर. मी खुर्चीवरून उठलोच.

सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालवणारा प्रोग्राम. त्याच्याखाली युडेव्हची सेवा स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालते, म्हणजे तिची माउंट यादी वेगळी असते. तिच्या आत झालेलं माउंट बाकीच्या सिस्टीमला दिसत नाही. हे वेगळेपण एका सेटिंगने बंद करता येतं आणि तसा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात पटत नाही. युडेव्हचे नियम झटपट कामांसाठी असतात. रेंगाळणारी प्रोसेस युडेव्ह मारून टाकतो. 'एफएसटॅब' या कायमच्या माउंट यादीत यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आणि 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) लिहिणं चांगलं, पण पेनड्राइव्ह ठरलेला असेल तर. इथे रोज वेगळा यायचा.

म्हणून नियमात 'माउंट'च्या जागी 'सिस्टमडी-माउंट' घातलं. ते स्वतः माउंट करत नाही, सिस्टमडीला करायला सांगतं, त्यामुळे माउंट सगळ्यांना दिसतं. सोबत 'नो-ब्लॉक', म्हणजे युडेव्ह अडकून राहत नाही. आणि 'कलेक्ट', म्हणजे एखादा प्रयत्न फसला तरी त्याचं युनिट, म्हणजे सिस्टमडीकडची त्या कामाची नोंद, मागे पडून राहत नाही.

राहिली भीती अर्धवट लिहिलेल्या फाइलींची. लोक पेनड्राइव्ह न सांगता उपटतात आणि पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ या फाइल सिस्टीमला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंदवही, नसतं. म्हणून ऑटोमाउंट (फोल्डर उघडला की मगच माउंट) चालू करून काही सेकंद वापर थांबला की आपोआप अनमाउंट, असं ठेवलं. फॅटमध्ये फाइलींना मालक नसतो, तोही पर्यायातच नेमून दिला. शेवटी एक्सफॅट या फॅटच्या नव्या भावंडाचा पेनड्राइव्ह लावला. कर्नल ५.७ च्या पुढचा होता, त्याने तोही घेतला आणि फाइली उतरल्या.