तुम्ही विचारलंत म्हणून: टोकियो सोडून सेंदाई का?

सुट्टीत कोल्हापूरला आले की लग्नकार्यात असो वा दवाखान्यात, मला एकच प्रश्न विचारला जातो: टोकियोच्या विद्यापीठाचे संमतिपत्र हातात असताना तू सेंदाईला का गेलीस? टोकियोला जमले नसणार, हे उत्तर विचारणाऱ्याने मनात आधीच ठरवलेले असते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पैशांचा प्रश्न नव्हता. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. दर्जाचे म्हणाल, तर धातुशास्त्रात सेंदाईचे तोहोकु विद्यापीठ कोणाच्या मागे नाही; धातुशास्त्रज्ञ कोतारो होंडा यांनी 1917 साली केएस हे चुंबकीय पोलाद तिथेच तयार केले. शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षे काढलेल्या माझ्या वडिलांना एवढे कारण पुरले. नातेवाइकांना मी आणखी एक सांगत असे: 1913 साली तीन मुलींना प्रवेश देणारे ते जपानमधले पहिले शाही विद्यापीठ, आणि शिक्षण मंत्रालयाने विचारणा केल्यावरही ते मागे हटले नाही. हे सारे खरे आहे. पण मी ते निर्णय झाल्यानंतर वाचले आणि पुढे कित्येक वर्षे निर्णयाचे कारण म्हणून सांगितले, हे आता कबूल करते.

जपानमध्ये पदव्युत्तर संशोधनासाठी जाणारा विद्यार्थी विद्यापीठाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, एका प्राध्यापकाची केंक्युशित्सु, म्हणजे प्रयोगशाळा, निवडत असतो. शिष्यवृत्तीच्या निवडीची जपानी दूतावासातली प्राथमिक फेरी पार झाल्यावर मी टोकियोतल्या ज्या प्राध्यापकांना पत्र लिहिले, त्यांचे शोधनिबंध मी पुण्यात शिकत असताना अक्षरशः पाठ केले होते. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, माझ्या प्रकल्पाबद्दल अर्धा तास विचारले, आणि मग एक कोरा कागद घेऊन त्यावर वर्षे लिहून तो कॅमेऱ्यासमोर धरला. एम.एस.ची दोन वर्षे, पीएच.डी.ची तीन, चौथ्या वर्षाच्या खाली त्यांनी रेघ मारली होती. त्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन, प्रयोगशाळा बंद होईल, तुमची पीएच.डी. तेव्हा अर्धवट असेल, असे ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. मी काही हरकत नाही म्हणाले आणि फोन ठेवल्यावर रडले. जपानी माणूस थेट नाही म्हणत नाही, हे इतक्यांदा ऐकले होते की तो नकारच आहे, असे मी धरून चालले.

नवव्या दिवशी त्यांच्या सहीचे नाईदाकु, म्हणजे संमतिपत्र, आले.

तोवर सेंदाईच्या प्राध्यापकांचेही आले होते. शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठांचा पसंतीक्रम लिहून द्यायचा असतो; त्या पसंतीपत्रकावर पहिले नाव तोहोकुचे लिहिले, दुसरे टोकियोचे. पत्रक दिल्यावर क्रम बदलता येत नाही. निवृत्तीचे कारण व्यवहार्य होते, आजही कोणी विचारले तर प्राध्यापकांची उरलेली वर्षे आधी मोजा असेच सांगेन. पण मला घेतीलच अशी मनाची तयारी त्या आठ दिवसांत मोडली होती, आणि ज्या माणसाने माझ्या हितासाठी खरे सांगितले त्याच्याकडे जाण्याची मला लाज वाटू लागली होती, हेही तितकेच खरे. संमतिपत्राबद्दल मी त्यांना दोन ओळींचे आभार पाठवले, तेही पत्रक दिल्यानंतर.

त्या वेळची मी म्हणते, पाच वर्षे हात धरणारा मार्गदर्शक निवडण्यात चूक काय? आजची मी तिला विचारते, मग त्यांना एक प्रश्न का विचारला नाहीस, की माझे पुढे काय करायचे असे तुमच्या मनात आहे?

त्यांचे अखेरचे व्याख्यान मार्चमध्ये झाले. सेंदाईहून टोकियो शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास. मी मागच्या रांगेत बसले. त्यांचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी सहयोगी प्राध्यापकांकडे जाऊन तोच विषय पुढे नेत होता. दुसऱ्याला विषय बदलावा लागला होता. यांपैकी मी कोण झाले असते, हे मला ठरवता आले नाही. व्याख्यान संपल्यावर भेटणाऱ्यांची रांग लागली, तिच्यात मी थोडा वेळ उभी राहिले आणि माझा क्रम येण्याआधी बाहेर पडले.