चार पाऊण तीन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लिफ्टमध्ये, लग्नकार्यात, सगळीकडे हाच प्रश्न येतो: "मुलाला शाळेतून काढून घरी शिकवता, त्यात त्याचा काय फायदा? आणि तुमचा?"

दोघांनाही वेळ मिळाला.

दुसरीपर्यंत तो शाळेत जात होता. सकाळी सहाला बस, संध्याकाळी क्लास. जागा असताना तो माझ्या वाट्याला जेमतेम दोन तास यायचा आणि ते 'आवर, लिही, झोप' म्हणण्यात जायचे. मला तो नीट माहीतच नव्हता.

आता अकराचा आहे. आम्ही वरळीला राहतो. गेल्या वर्षी त्याने विचारलं, भरती रोज वेगळ्या वेळी का येते? आम्ही कोळीवाड्यात गेलो. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांनी त्यालाच विचारलं, "आज तिथी कोणती?" चतुर्थी होती. "मग तिची पाऊणपट कर. चार पाऊण तीन. तीनच्या सुमाराला पाणी भरणार." आणि भरलं!

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मलाही येत नव्हती, माझ्या आईला येते. तिने आम्हा दोघांना समोर बसवून पाठ करून घेतली. मग महिनाभर त्याची वही चालली: कालनिर्णयातली तिथी, तिची पाऊणपट, आणि पाणी खरोखर किती वाजता चढलं. हिशेब कधी वीस मिनिटांनी चुकायचा, की हा बेचैन. त्यातून चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो हे कळलं, पौर्णिमा-अमावास्येचं उधाण कळलं, अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे पाणी कमी चढणारी भरती, कळली. अपूर्णांक त्याला वेगळे शिकवावे लागले नाहीत. एका प्रश्नामागे महिनाभर जायची मुभा होती, म्हणून हे झालं.

मित्र बिल्डिंगमधले आहेत, कबड्डीचे आहेत. त्याची काळजी नको. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देता येते: वय 14 पूर्ण हवं, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एकदा नाव नोंदवलं की 5 वर्षांत विषय सुटे सुटे सोडवता येतात.

मात्र माझी नोकरी गेली हेही खरं. मुंबईत एका पगारात भागवताना महिनाअखेर जड जाते, आणि शिकवताना माझाही आवाज चढतो. ज्या घरी दोघांनी कमावल्याशिवाय चूल पेटत नाही, त्यांना मी हा सल्ला देणार नाही. पण मुलगा मला आता ओळखीचा वाटतो, आणि त्यासाठी मी हे पुन्हा करेन.

आज अष्टमी, आठ पाऊण सहा. भांगाचं पाणी, फार चढणार नाही. सव्वापाचला आम्ही खाली उतरतोय, तुमच्या मुलीला यायचं असेल तर पाठवा.