तेहतिसावा माणूस

नोकरीच्या काळात मी लहानमोठ्या चौदा निवडणुकांना ड्युटी केली. माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरची मतदान केंद्रं. आदल्या दिवशी तहसील कचेरीत साहित्य मोजून घ्यायचं, एसटीत मांडीवर पेटी धरून बसायचं, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर अंग टाकायचं आणि पहाटे उठून तयारीला लागायचं. शाई, शिक्के, पाकिटं, पोलिंग एजंटांच्या सह्या, सगळं हाताच्या बोटांना पाठ झालेलं. त्यामुळे २०२०च्या जानेवारीत आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेला गेलो आणि जावईबापू म्हणाले, "बाबा, इथली निवडणूक बघायला येता का?" तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहिली नाही.

लेक राहत होती एम्स गावात. आयोवा राज्याची राजधानी डे मॉइन, तिच्या उत्तरेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर हे विद्यापीठाचं गाव. गाव संपलं की चारी दिशांना सपाट शेती, उन्हाळ्यात मका आणि सोयाबीन, हिवाळ्यात नुसती काळी जमीन. एकतीस-बत्तीस लाख वस्तीचं हे राज्य, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढं. पण अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची सुरुवात १९७२पासून इथून होत आली. १९७६ साली जिमी कार्टर हे नाव देशाला कळलं ते आयोवामुळे. ३ जानेवारी २००८ला बराक ओबामा इथे जिंकले आणि नव्वद टक्के गोऱ्या वस्तीच्या राज्याने आपल्याला उचलून धरलं हे त्यांनी देशाला दाखवलं. म्हणून वर्षभर आधीपासून सगळे उमेदवार इथल्या कॉफीच्या दुकानांत आणि शाळांच्या हॉलमध्ये लोकांचे हात हातात घेत फिरत.

प्रचाराचा आवाज मात्र कुठे ऐकू येत नाही. भोंगा लावलेली रिक्षा नाही, पदयात्रा नाही. घरासमोरच्या हिरवळीत उमेदवाराच्या नावाची पाटी खोचलेली, बस्स. एका घरासमोर दोन वेगवेगळ्या पाट्या पाहिल्या. लेक म्हणाली, नवरा-बायकोच्या असतील. दारावर टकटक करणारी पोरं बहुतेक दुसऱ्या राज्यांतून स्वखर्चाने आलेली, गारठ्यात नाकाचे शेंडे लाल झालेली. एका मुलीला आम्ही आत बोलावून चहा दिला. तिला आधीच सांगितलं की आम्हाला मत नाही. तरीही तिने आरोग्यविम्याबद्दल वीस मिनिटं तळमळीने सांगितलं. तिच्या आईच्या उपचारांचं कर्ज अजून फिटायचं होतं.

कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची मतदारांची सभा, कशी असते हे मला प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळलं. ३ फेब्रुवारी, सोमवार. साडेपाचलाच अंधारू लागलं होतं. सातच्या जरा आधीच आम्ही एका शाळेच्या व्यायामशाळेत गेलो. बास्केटबॉलच्या मैदानाभोवती भिंतींवर उमेदवारांची नावं चिकटवलेली. ज्याला जो उमेदवार हवा त्याने त्या नावाखाली जाऊन उभं राहायचं. आडोसा नाही, मशीन नाही. शेजारी, दुकानदार, मुलांचे शिक्षक, सगळ्यांदेखत. आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी एका बाजूला खुर्च्या ठेवलेल्या होत्या. डेमोक्रॅटिक पक्षाची ही तेव्हाची रीत. रिपब्लिकनांचाही कॉकस त्याच रात्री होता, पण ते चिठ्ठी लिहून मत देतात.

नियम असा होता की जमलेल्यांपैकी किमान १५ टक्के लोक ज्याच्या मागे नाहीत तो उमेदवार त्या सभेपुरता बाद. त्याच्या माणसांनी मग दुसऱ्या गटात जायचं, किंवा इतरांना आपल्याकडे ओढून १५ टक्के भरायचे, किंवा घरी जायचं. ज्यांचा गट पहिल्याच मोजणीत टिकला त्यांना जागा बदलता येत नव्हती. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड होतं. एका बाजूवर पहिली पसंती, दुसऱ्या बाजूवर दुसरी, खाली सही. ही कार्डं त्याच वर्षी नव्याने आली होती. मला ती फार आवडली. कागद हातात असला की मोजणीवरचा वाद मिटतो, हे मी '१७-सी'चे, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचे, फॉर्म भरून भरून शिकलो आहे.

दारं बंद होण्याआधी कॉफीच्या टेबलाशी एक शेतकरी भेटले. सत्तरीचे असतील. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, कोटावर जो बायडन यांचा बिल्ला. मी महाराष्ट्रातला, आमच्याकडेही सोयाबीन होतं, असं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. २०१८मध्ये ट्रम्प यांनी चीनच्या मालावर कर लावला, चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर लावला, आणि भाव कोसळला. सरकारने नुकसानभरपाई म्हणून दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलर जाहीर केले. "चेक आला," ते म्हणाले, "पण गिऱ्हाईक ब्राझीलकडे गेलं ते गेलंच." मी त्यांना कांद्याचं सांगितलं. सप्टेंबर २०१९ला आपल्याकडे निर्यातबंदी झाली होती आणि आम्ही निघालो तेव्हाही ती उठली नव्हती. दुसऱ्या वाक्याची गरज पडली नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

सरकारने लोकांच्या व्यवहारात पडू नये असं मानणारे बरेच लोक मला आयोवात भेटले. मक्यापासूनचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायची सक्ती, पीकविम्याच्या हप्त्यात सरकारी वाटा, या गोष्टींना मात्र इथे दोन्ही पक्षांचा पाठिंबा आहे. मला यात दांभिकपणा दिसला नाही. शेती ज्याच्या पोटाशी आहे त्याला सरकार लागतंच, मग तो स्वतःला काहीही म्हणवून घेवो.

शब्दांनी मला तिथे वारंवार अडवलं. आदल्या रात्री जावयांच्या एका सहकाऱ्याकडे सुपर बोलची मॅच बघायला गेलो होतो. प्रेमळ माणूस, पक्का रिपब्लिकन. डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी बर्नी सँडर्स यांचं नाव निघताच म्हणाले, "तो सोशालिस्ट आहे," आणि हा शब्द त्यांनी शिवी उच्चारावी तसा उच्चारला. आमच्या घरात समाजवादी म्हणजे एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, मधू दंडवते. माझे वडील सेवादलाचे. समाजवादी माणूस म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून जाणारा आणि हिशेबाला चोख, ही आमची व्याख्या. सँडर्स मागत काय होते? आजारी पडलेल्याला उपचार मिळावेत आणि सरकारी कॉलेजात फी नसावी. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा परिषदेची शाळा यांच्या आधाराने वाढलेल्या माझ्यासारख्याला ही क्रांती वाटेना. आमची केंद्रं कशी चालतात हे मला ठाऊक आहे, पण ती असावीत की नसावीत हा वाद आपल्याकडे कुणी घालत नाही. 'लिबरल'चंही तेच. आपल्याकडे नेमस्त, उदारमतवादी म्हटलं की रानडे-गोखले डोळ्यांपुढे येतात. तिथे लिबरल म्हणजे डावा. वर्तमानपत्र वाचताना मला प्रत्येक शब्द मनातल्या मनात बदलून घ्यावा लागे.

सात वाजता दारं बंद झाली. डोकी मोजली, २१८. त्याचे १५ टक्के, म्हणजे ३३. सँडर्स यांच्याकडे ६४, बहुतेक विद्यार्थी. एलिझाबेथ वॉरन ५५, पीट बुटिजेज ५०. हे तिघं टिकले. एमी क्लोबुशार २४, बायडन १५, अँड्र्यू यँग १०. हे बाद, पण क्लोबुशार यांच्या लोकांना आणखी नऊ जण मिळाले तर त्यांचा गट जगणार होता.

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात कुठे पाहिलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे चालत गेली आणि बोलू लागली. आरडाओरड नाही. "तुम्हाला बायडन का हवे होते? अनुभवासाठी? मग एमींकडेही आहे." आपल्याकडचा २०१९चा तो नोव्हेंबर महिना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. निकाल लागल्यावर कोण कुणाबरोबर जाणार हे नेते हॉटेलांत बसून ठरवत होते आणि मतदार टीव्हीपुढे बसून होता. इथे तीच जुळवाजुळव मतदार स्वतः, उभ्याउभ्या, आपल्या पायांनी करत होता. दुसरी पसंती त्याची त्यानेच द्यायची. त्या क्षणी मला या पद्धतीचं मनापासून कौतुक वाटलं आणि आजही वाटतं.

बायडन यांच्याकडचे सहा आले. यँग यांच्याकडची दोन पोरं आली. बत्तीस. एक कमी. बाकीचे एव्हाना बुटिजेज किंवा वॉरन यांच्याकडे गेले होते, काहींनी कोट चढवले होते. राहिले ते माझे सोयाबीनवाले शेतकरी, बायडन यांच्या रिकाम्या भिंतीखाली एकटेच. क्लोबुशार गटाच्या प्रमुख बाई त्यांच्याकडे गेल्या. दोघं शेजारी असावेत, बाईंनी त्यांना पहिल्या नावाने हाक मारली. हॉल गप्प झाला. सगळ्यांचे डोळे त्या म्हाताऱ्यावर. बाई म्हणाल्या, "फक्त तुम्ही हवे आहात."

ते बराच वेळ हातातल्या कार्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी जोसाठी आलो होतो. दुसऱ्या कुणासाठी उभं राहायला मन घेत नाही." कार्डाची दुसरी बाजू कोरीच ठेवून त्यांनी ते टेबलावर नेऊन दिलं. कोट घालताना बाही उलटी अडकली. बाईंनी ती सोडवून दिली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्या बत्तीस जणांकडे परतल्या. गट मोडला. काही बुटिजेज यांच्याकडे गेले, काही वॉरन यांच्याकडे. एक तरुण मुलगी डोळे पुसत होती.

मी ते बघत होतो आणि मला माझ्या एका केंद्रावरची आजी आठवत होती. वस्तीवरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशाकडे दोन पावलं गेली आणि परत माझ्या टेबलाशी आली. वाकून हळूच म्हणाली, "गुर्जी, कुनाला कळनार न्हाई न्हवं?" मी म्हणालो, "आजी, मलासुद्धा नाही कळणार." तेव्हा कुठे ती आत गेली. तिचा मुलगा ज्याच्या टोळीत होता तो मुकादम बाहेर शंभर मीटरच्या रेषेपलीकडे उभा होता. त्याची उचल घेतलेली होती.

आमच्या ग्रामसभेत हात वर करून ठराव होतात तेव्हा कुणाचा हात कुणाकडे बघून वर जातो हे सगळ्या गावाला माहीत असतं. आयोवातल्या त्या शेतकऱ्याची जमीन त्याची होती. त्या हॉलमध्ये तो कुणाचं देणं लागत नव्हता, म्हणून दोनशे माणसांदेखत त्याला नाही म्हणता आलं. उघड मताचं सौंदर्य मी त्या रात्री पाहिलं. पण त्या आजीला मी त्या भिंतीखाली उभं करणार नाही. आपल्या घटनाकारांनी एका झटक्यात सगळ्यांना मत दिलं आणि ते झाकून द्यायची सोय पहिल्या निवडणुकीपासून झाली. याची किंमत मला अमेरिकेत जाऊन जास्त कळली.

आणि जे आलेच नव्हते त्यांचं काय? सातच्या ठोक्याला हजर राहून दोन तास काढणं सगळ्यांना जमत नाही. त्या वर्षी काही ठिकाणी जादा सभा ठेवल्या होत्या, आयोवाच्या लोकांसाठी पॅरिस आणि ग्लासगोमध्येसुद्धा. लेकीच्या शेजारच्या फ्लॅटमधली बाई वृद्धाश्रमात रात्रपाळीला मदतनीस होती. तिची पाळी संध्याकाळी सहाला सुरू होई. तिच्यासाठी कुठे काही नव्हतं.

घरी येऊन आम्ही टीव्हीपुढे बसलो. निकाल येईना. आकडे कळवायला आणलेलं नवीन ॲप बिघडलं होतं आणि फोन लागत नव्हते. पुढे कळलं की पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींपैकी बुटिजेज यांना १४, सँडर्स यांना १२, वॉरन यांना ८, बायडन यांना ६ आणि क्लोबुशार यांना १. डोकी मोजली तर सँडर्स पुढे होते. चौथे आलेले बायडन त्याच नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्या शेतकऱ्याची मला तेव्हा फार आठवण झाली. २०२४मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅट्सनी भिंतीखाली उभं राहणं बंद केलं आणि पसंतीची कार्डं टपालाने मागवली. पहिला नंबरही त्यांच्या हातून गेला, तो साउथ कॅरोलायनाकडे.

पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी सकाळी मी कचरा टाकायला खाली उतरलो तेव्हा शेजारची बाई पाळी संपवून जिना चढत होती. पायातले बूट हातात घेतलेले. मला थांबवून तिने विचारलं, "काल कोण जिंकलं?" मी म्हणालो, "अजून कळलं नाही." ती म्हणाली, "बरं, नोव्हेंबरला माझी सुट्टी आहे. मी आताच मागून ठेवली आहे." तिला कोण हवं होतं हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी कचऱ्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिला वाट करून दिली.