फिंचच्या लेकी आणि माझी वही

परभणीत फिंच ही लहान पाखरं पाळतो म्हणलं की लोक आधी उन्हाचं विचारतात. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातली, ऊन तिला नवं नाही. तरी मे महिन्यात पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकावंच लागतं. माझी अडचण वेगळीच होती. करड्या जोडीला मधूनच फिकट तपकिरी पिल्लू व्हायचं. बाजारात त्याला ‘फॉन’ म्हणतात. आणि असं प्रत्येक पिल्लू मोठं झालं की मादीच निघायचं.

दुकानदार म्हणाला, खाण्यात फरक पडला असंल. राळं, बाजरी, उकडलेलं अंडं, समुद्रफेस, सगळं एकाच पिंजऱ्यात. मग एकाच पिल्लाला फरक कसा पडंल? पिल्लांच्या पायात रंगीत रिंगा घातल्या, कुणाचे आईबाप कोण ते वहीत मांडत गेलो. भाचा संभाजीनगरला विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकतो. दिवाळीला आला तेव्हा वही त्याच्यापुढं ठेवली.

“मामा, माणसात बापाकडून ठरतं, मुलगा का मुलगी. पाखरात आईकडून,” तो म्हणाला. नराला दोन झेड गुणसूत्रं, मादीला एक झेड, एक डब्ल्यू. फॉनचा जनुक झेडवर असतो आणि अप्रभावी असतो. नराच्या एकाच झेडवर तो असला तर दुसरा झेड त्याला झाकतो; नर करडाच दिसतो, त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. मादीला झाकायला दुसरा झेडच नाही. म्हणजे माझा करडा नर स्प्लिट होता.

खात्रीसाठी फॉन नराला करडी मादी लावली. हिशोबानं सगळ्या लेकी फॉन, सगळे नर करडे व्हायला पाहिजेत. तसंच झालं! गालावरचा नारिंगी डाग उगवायची वाट बघायचं कामच उरलं नाही, पिसं फुटली की कळतं.

पांढऱ्या पिल्लांना मात्र हा हिशोब लागू नाही. नर का मादी कळावं म्हणून त्यांची उपटलेली पिसं पाकिटात घालून प्रयोगशाळेला धाडली. तिथं झेड आणि डब्ल्यूवरचा एक जनुक बघतात. त्याची लांबी दोन्हींवर वेगळी. प्रत्येक लांबीची चाचणीत वेगळी पट्टी उमटते: नराची एक, मादीच्या दोन.

अहवाल बघून भाचा म्हणाला, “यात एक गुणसूत्र दिसणारच नाही.” फिंचच्या अंगातल्या पेशीत ८० गुणसूत्रं. पण अंडाशयात आणि वृषणात आणखी एक असतं, सगळ्यांत मोठं. पिल्लू घडताना बाकीच्या पेशी ते टाकून देतात, मग पिसाच्या मुळात कुठून दिसणार? नर तर वीर्य तयार होतानाही ते बहुतेक वेळा टाकतो, म्हणून पिल्लाला ते सहसा आईकडूनच मिळतं. अर्जेंटिनाच्या पिगोझी आणि सोलारी यांनी १९९८ मध्ये ते झेब्रा फिंचमध्येच शोधलं. २०१९ मध्ये इतर गाणाऱ्या पाखरांतही सापडलं. कोंबडीत नाही. मला तर रंगाच्या हिशोबापेक्षा हेच भारी वाटलं.

“बघायचं का?” भाच्यानं विचारलं. बघायचं तर पाखरू मारून वृषण काढावं लागतं. त्याला सरळ नाही म्हणलं, आणि सेमिनारसाठी वहीची झेरॉक्स तेवढी दिली.