श्रावणातल्या रेघा

सोमवार

सकाळपासून पाऊस पडतोय म्हणजे पडतोयच, आणि एका कथेचं चित्र टेबलावर अजून ओलंच आहे. दिवाळी अंकांचा सीझन चालू झालाय. लोकांना वाटतं दिवाळी अंकाचं काम दिवाळीच्या आसपास असतं, आमच्या घरात दिवाळी आषाढातच लागते, व्हॉट्सॲपवर कथा येऊन पडतात, काही टाईप केलेल्या, काही हाताने लिहिलेल्या पानांचे तिरके फोटो, आणि खाली एक ओळ, "शुक्रवारपर्यंत जमेल ना?" जमवतो. पैसे मात्र तुळशीचं लग्न लागलं तरी येतील असं नाही, आणि येतात ते टीडीएस कापून. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार बायकोचा, ती बँकेत आहे. मी घरी असतो म्हणून सिलेंडर, कुरिअर, लेकीची स्कूल व्हॅन, सोसायटीच्या टँकरची सही हे सगळं माझ्याकडे. शेजाऱ्यांच्या मते मी रिकामाच असतो.

खरं तर पावसाळ्यात जलरंगात काम घेऊच नये, पण काम येतं तेच पावसाळ्यात, काय करणार. कागद हवेतली ओल पितो. उन्हाळ्यात जो वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, दहा मिनिटांत सुकतो त्याच्याकडे आता तासभर बघत बसायचं, आणि वरून सुकल्यासारखा वाटला म्हणून दुसरा टाकला की खालचा रंग उचकटून वर येतो आणि आभाळाची पार वाट लागते. मग बायकोचा हेअर ड्रायर. तिने आता स्वतःसाठी दुसरा घेतलाय आणि पहिल्यावर मार्करने माझं नाव घातलंय. ३०० जीएसएमचा कॉटन पेपर एवढा महाग झालाय की उरलेले ताव प्लास्टिकमध्ये गुंडाळून, औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या मध्ये घालून कपाटात सगळ्यात वर ठेवतो. ओल लागली की त्याचं साइझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ, जातं, मग रंग कागदावर खेळत नाही, पडेल तिथेच आत शोषला जातो.

एक बरंय, पावसाळी आभाळासाठी रेफरन्स शोधावा लागत नाही. इंडिगोत थोडं बर्न्ट सिएना मिसळलं की जो करडा होतो ना, अगदी तोच आत्ता खिडकीतून सिंहगडाच्या बाजूला दिसतोय. ट्यूबमधला तयार काळा मी आभाळाला लावत नाही, मेलेला दिसतो.

दुसरीकडे एका संपादकांना मुखपृष्ठावर बाई हवी आणि बाईच्या हातात दिवा हवा. म्हणलं यंदा वेगळं काहीतरी करू. नको. त्यांचीही चूक नाही म्हणा. मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये केली, पण मुखपृष्ठ कसं असावं हे लोकांच्या डोळ्यात बसवलं ते दीनानाथ दलालांनी. मडगावचा माणूस, मुंबईत आला, १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' काढला, आणि त्यांच्या त्या बायका, ते डोळे, ती रेघ, एवढी घट्ट बसलीये की ऐंशी वर्षांनी मला फोनवर तेच ऐकावं लागतंय. राग दलालांवर काढता येत नाही कारण मीही लहानपणी त्यांचीच मुखपृष्ठं रद्दीवाल्याकडून आणून गिरवायचो. बाई काढली. दिवा पण काढला. फक्त बाईला चष्मा घातला, बघू पास होतो का.

मंगळवार

लेक आठवीत आहे आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलीये. पुढे इंटरमिजिएट दिली की दहावीला वाढीव मार्क मिळतात, त्यामुळे आमच्या सोसायटीतली पोरं एकाएकी चित्रकार झालीयेत. पार्किंगमध्ये सुद्धा आया एकमेकींना विचारतायत, वस्तुचित्राचा क्लास कुठे लावला.

तिच्यासमोर किटली आणि दोन कांदे ठेवले होते. किटलीचं तोंड छान काढलं आणि तळ सरळ रेघ मारून संपवला. सगळे हेच करतात. आपल्याला माहीत असतं की किटली सपाट ओट्यावर बसलीये, म्हणून हात सपाट रेघ मारतो, डोळा काय बघतोय ते कुणी विचारतच नाही. तिला म्हणलं भांड्याच्या तोंडापासून तळापर्यंत जसं खाली जाशील तसा गोल जास्त फुगत जातो, कारण तो डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असतो, पेला हातात धर आणि हळूहळू खाली ने, दिसेल. तिने नेला. दिसलं. मग म्हणाली, "पण बाबा, सर म्हणतात थोडासाच बाक द्यायचा, फार दिला की कलंडल्यासारखं दिसतं." सरांचंही बरोबर आहे, परीक्षेच्या वेळात पन्नास पोरांना सांगायचं तर असंच सांगावं लागतं. मी गप्प बसलो.

स्मरणचित्रावर मात्र आमचं वाजलं. क्लासमध्ये यांच्याकडून बाजाराचं दृश्य पाठ करून घेतात, डावीकडे टोपली घेतलेली बाई, उजवीकडे फुगेवाला, मागे झाड, झाडाला तीन फांद्या. विषय काहीही येवो, शाळा सुटली असो नाहीतर जत्रा असो, तीच बाई तीच टोपली. तिला विचारलं, तू आज येताना काय बघितलंस. म्हणाली स्टॉपजवळ एक भाजीवाले आजोबा होते, पाऊस आला तर त्यांनी छत्री उघडून वजनकाट्यावर धरली आणि स्वतः भिजत बसले. मी उडालोच, म्हणलं अगं हेच काढ की! "मार्क जातील." विषय संपला. रात्री दप्तर आवरताना तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर छत्री, काटा आणि भिजलेली टोपी दिसली, पेनाने काढलेली. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर तिने ते पान फाडलं असतं.

अक्षरलेखनात हात चांगलाय तिचा. तिला बोरू छाटून दिला, देवनागरीचा तिरका छाट इंग्रजीच्या उलटा असतो ते दाखवलं. गप्पांत सांगितलं की कॉम्प्युटरवरचा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, मोठे सुलेखनकार. तर म्हणे, "म्हणजे फॉन्ट माणसं काढतात?"

गुरुवार

धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे येणार, कार्तिकात. म्हणून आईने काल तिची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. आत तिची आणि माझ्या आजीची जुनी लुगडी, धुऊन धुऊन एवढी मऊ झालेली की हातात घेतली तरी कळत नाहीत. तान्ह्या बाळाला नवं करकरीत कापड लावत नाहीत, त्याचं दुपटं जुन्या लुगड्याचंच. मी म्हणलं मला शिकव. "आरं, तुला कशाला? बायकांचं काम हाय त्ये." मग म्हणाली, "आन वाकळ शिवायची उन्हाळ्यात, रानातली कामं सरल्यावं. पावसाळ्यात कोण शिवतंय?" माहेर माणदेशातलं, पुण्यात येऊन चाळीस वर्षं झाली पण राग आला नाहीतर आनंद झाला की बोली लगेच वर येते.

हॉलमधला सोफा सरकवला, फरशी पुसून कोरडी केली. खाली एक थर, त्यावर फाटक्या तुकड्यांचा थर, भोकावर भोक येणार नाही असा, मग वर चांगला भाग, काठ दिसेल असा. चार कोपऱ्यांवर पितळेचे डबे ठेवले, हाताने मधून बाहेर सगळ्या सुरकुत्या काढल्या, लांब लांब कच्चे टाके घातले. दुपटं म्हणून थर तीनच, मोठ्या वाकळेला कितीही जातात. मग कडेपासून धावदोरा सुरू, चौकोनात एक चौकोन असं करत आत आत जायचं, म्हणजे सुरकुती राहिलीच तर मध्यापर्यंत मुरत जाते.

मी सवयीने पट्टी आणि खडू घेऊन आलो. आखून घेऊ म्हणलं. आई एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "मागची रेघ बघून पुढची मार की. आखून कुठं शिवत्यात?" आणि तिचं बघितलं तर टाका सारखा नाही, कुठे लांब कुठे आखूड, रेघही थोडी वाकते, पण वाकते तर शेजारची पण तशीच वाकते, दोन रेघांतलं अंतर हलत नाही. मी दिवसभर टॅबलेटवर रेघा मारतो, दोन बोटं टेकवली की नको असलेली रेघ गायब. इथे उसवलं तर भोकं दिसतात. पहिल्या तासात बोट चारदा टोचलं, अंगुस्तान घातलं तर सुई जाणवेना, काढलं. साडेदहाला बायको म्हणाली झोपा आता मायलेक, आणि माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ फोन बघितला नव्हता. कुणी "इथे थोडं ब्राइट करता येईल का" असंही विचारलं नव्हतं.

शनिवार

बायकोने आमचा दोघांचा शिवतानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि झालं. मावसभाऊ म्हणाला पेज काढ, हँडमेडला मार्केट आहे. एक जण म्हणाला आईंचा रील कर. वहिनींनी रेटच विचारला. वाईट हेतूने कुणीच नाही बोललं, पण मला जरा चिडल्यासारखं झालं. हल्ली कुणाचा केक बरा झाला की तो होम बेकर, कुणी कुंडीत चार रोपं लावली की त्याची नर्सरी, माणसाने नुसतं काही करत बसावं हे बघवतच नाही कुणाला. चित्र काढणं माझंही कधीतरी असंच होतं की. आता चित्राचं बिल होतं, बिलाचा फॉलोअप होतो, फॉलोअपची मला लाज वाटते आणि तरी करावा लागतो.

वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनियर होते. नोकरी करून उरलेल्या वेळात एवढी चित्रं, व्यंगचित्रं, आणि ती रेघ बघा काय आहे. कॉलेजात असताना मला त्यांची कीव यायची, पूर्ण वेळ मिळाला असता तर, वगैरे. आता जरा हेवा वाटतो. संपादकाने पैसे उशिरा दिले म्हणून घरचं दूध अडत नसणार, चित्राला नाही म्हणायची सोय असणार. अर्थात हे मी लांबून बोलतोय, दिवसभर ऑफिस करून रात्री पेन हातात घेणं काय असतं ते मी एक आठवडा तरी करेन का शंका आहे.

तर मी मनात ठरवून टाकलं, दुपट्याचं काही विकायचं नाही. ते आमचं दोघांचं. आईला कुणी राबवून घेऊ नये.

रविवार

दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या सुनेलाही दिवस गेलेत, फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. "आजींनी आमच्यासाठी एक शिवलं असतं तर…" मी लगेच तोंड उघडलं, की नाही हो काकू, आईच्या डोळ्यांना त्रास होतो, आम्ही आपलं घरातल्या घरात—

आतून आई बाहेर आली, चष्मा कपाळावर. "देती की. लुगडी तुमची आना, दोरा माझा. सुती पायजे, सिंथेटिक आणलं तर परत पाठवीन, सरकतं त्ये. दोन हजार हुतील. आर्धे आत्ता."

काकूंनी पर्समधून हजार रुपये काढून दिले. तिथल्या तिथे. ॲडव्हान्स! मी एवढी वर्षं या धंद्यात आहे, मला एका संपादकाकडून आगाऊ शंभराची नोट काढता आलेली नाही. बायको किचनच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि हसू दाबत होती, दाबलं गेलं नाही.

काकू गेल्यावर मी म्हणलं, आई, अगं कशाला व्याप वाढवतेस, हे आपण हौसेने करत होतो ना. ती पैसे मोजून ब्लाऊजमध्ये ठेवत म्हणाली, "हौसच हाय की. पैशानं हौस कमी हुती व्हय?" याच्यावर माझ्याकडे बरंच बोलण्यासारखं होतं पण ती ऐकायला थांबली नाही, डबे उचलून कोपऱ्यांवर ठेवत होती. बहिणीचं दुपटं आधी संपवायचं, मग काकूंचं, असं तिचं ठरलंय. लेकीला तिने पाचशेची नोट देऊन तुळशीबागेतून दोऱ्याची रिळं आणायला सांगितलंय, लाल आणि पांढरी, आणि उरलेले पैसे परत.

आणि मला म्हणाली, "काकूच्यात तू नुसते कच्चे टाके घाल. धावदोरा मी बघती, तुझा आजून गिऱ्हाइकाला द्यायजोगा न्हाय."