अहवालातील बाण

“हा बघ, खाली दाखवणारा बाण,” असे म्हणत मैत्रिणीने आज रक्ततपासणीचा अहवाल माझ्यापुढे धरला. टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याशेजारी तो छापलेला होता आणि आपल्या थकव्याचे कारण अखेर सापडले, याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

तो बाण दिवसभर डोक्यातून गेला नाही. स्त्रियांच्या रक्तात हे संप्रेरक पुरुषांच्या तुलनेत इतके अल्प असते, की नेहमीच्या अनेक चाचण्यांना ते अचूक मोजता येत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे सांगितले आहे, की केवळ रक्तातील पातळीवरून कमतरतेचे निदान होत नाही आणि रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा घटून त्याचा मनस्ताप होत असेल, तरच टेस्टोस्टेरॉन देण्याच्या उपचाराला पुरेसा आधार आहे. थकव्यासाठी तो नाही. उपचार सुरू असताना पातळी मोजायची, ती मात्रा जास्त होऊ नये म्हणून. जास्त मात्रेने उठलेली मुरुमे एक वेळ आटोक्यात येतात, पण घोगरा झालेला आवाज पूर्ववत होईलच असे नाही.

हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप यांची चौकशी मात्र (नेहमीप्रमाणे) कोणीच केली नव्हती. तिचा थकवा इतकी वर्षे कोणी ऐकूनच घेतला नसेल, तर त्या बाणावर विश्वास ठेवू नकोस, असे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?